पाचव्या खणातली राणी

१

पहिला खण ओढताच आत्यांनी नाकाला रुमाल लावला. दुसरा ओढायच्या आधी त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात बत्तीस वर्षं काढलेली बाई. सडकी अंडी, कवचातच मेलेली पिल्लं, गटारात तुंबलेली पिसं, सगळं त्यांच्या हातांखालून गेलेलं. घाण कशाला म्हणतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण हा वास निराळा होता. शिजलेलं मांस, तापलेलं प्लास्टिक आणि करपलेला लाकडाचा भुसा, तिन्हींचा मिळून एक वास, आणि तो नाकात न थांबता थेट घशाला चिकटत होता.

खोलीत भाच्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं कपाट होतं. प्लायवूडचं, एकाखाली एक आठ खणांचं. खण म्हणजे बिनझाकणाचे प्लास्टिकचे टब. वरची फळीच टबाचं झाकण व्हायची. प्रत्येक टबामागे कागदासारखी चपटी तापपट्टी चिकटवलेली, आणि भिंतीवर थर्मोस्टॅटची डबी. ऊब ठरल्याइतकी झाली की पट्ट्या बंद, थंडावली की सुरू. प्रत्येक टबात एकेक पाळीव अजगर, मनगटाएवढा जाड, बिनविषारी.

होता, म्हणायचं. आठातले सात काल मेले होते. कुणी भुशात तोंड खुपसून, कुणी टबाच्या पुढच्या कडेला चेपून, जणू भिंत फोडून बाहेर पडायचं होतं. दोघांच्या पोटाची कातडी सोलवटून निघाली होती. भाच्याने कालपासून कशालाच हात लावू दिला नव्हता. पुरावा म्हणे.

"बघितलंस ना, आत्या," भाचा म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "आता हे बघ."

त्याने थर्मोस्टॅटची चकती दाखवली. काटा शेवटच्या खुणेवर होता, पंचेचाळीसवर.

"सकाळी मी एकतीसवर ठेवून कामावर गेलो. संध्याकाळी सहाला आलो, तर हे. घरात कोण होतं? ती."

"मीही होते की घरात," दारातून वहिनी म्हणाल्या. आत्यांची भावजय, भाच्याची आई. "पण वन्सं, मी या खोलीत पाऊल टाकत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मला शिसारी येते. मी आले ती याची बोंब ऐकून."

"आणि रविवारी ती काय म्हणाली होती, तेही सांग," भाचा म्हणाला.

"हे सगळं एकदा भाजून निघालं पाहिजे, असं म्हणाली. माझ्या देखत."

आत्या बाहेरच्या खोलीत आल्या. खिडकीपाशी सून, भाच्याची बायको, बसली होती. तिचं घड्याळं दुरुस्त करायचं काम घरातूनच चालायचं. टेबलावर चिमटे, बारीक पेचकस, उघडी पडलेली दोन मनगटी घड्याळं. डोळ्याला भिंग लावलेलं होतं, पण हात थांबलेले. पायाशी एक बॅग, चेन बंद केलेली. सकाळी आत्यांना फोन तिनेच केला होता.

"म्हणालीस तू तसं?" आत्यांनी विचारलं.

"म्हणाले. बर्फाच्या ट्रेखाली मेलेल्या उंदरांची पिशवी सापडली होती. सापांच्या खाण्याची. पाहुण्यांच्या सरबतात मी त्याच ट्रेमधला बर्फ घातला होता."

आत्यांनी मघाशी पुढ्यात आलेला पाण्याचा पेला हळूच लांब सरकवला.

"दादाला ह्यांनी फोन केलाय. चार वाजता येतोय मला न्यायला. बहीण जनावरं भाजून मारते, असं सांगितलंय त्याला." सुनेने भिंग काढलं. "मी केलं नाही, आत्या. पण चारनंतर कुणी विचारणारही नाही."

घड्याळात सव्वादहा झाले होते.

२

आत्या परत त्या खोलीत गेल्या. दारात एक जाड फडकं दुमडून पडलं होतं.

"हे कशाला?"

"तीच लावते दाराखाली," भाचा म्हणाला. "म्हणे बाहेर वास येतो. दार दिवसभर बंद."

म्हणजे दिवसभरात आत काय शिजलं, ते बाहेर कुणाला कळायचं कारण नव्हतं. आत्यांनी रबरी हातमोजे मागून घेतले आणि एकेक टब ओढून खिडकीखाली मांडला. तिसऱ्या टबापाशी त्या मान फिरवून म्हणाल्या, "माणसाला मांजर पाळता येत नाही का रे?"

"मांजर कुणीही पाळतं, आत्या."

सात टबांमधला भुसा कुरकुरीत वाळला होता. पाण्याच्या वाट्या कोरड्या, तळाला पांढरा थर. पाचव्या टबात मात्र भुसा मऊ, वाटी भरलेली, आणि वेटोळं घालून बसलेली एक पिवळसर मादी. तिने जीभ बाहेर काढली आणि आत्यांच्या पाठीतून शिरशिरी गेली.

"ही राणी," भाच्याचा आवाज एकदम मऊ झाला. "हिच्यासाठीच नवीन कपाट करतोय. बारा खणांचं. ही पहिल्यापासून चिवट आहे, म्हणून वाचली."

नवीन कपाट जुन्याला खेटूनच उभं होतं. पट्ट्या अजून लावलेल्या नव्हत्या, फळ्यांवर ताजा पांढरा भुगा.

"वाटीत पाणी कसं राहिलं हिच्या?"

"ते मी काल संध्याकाळी घातलं. तिला पाणी नको का?"

बरोबर होतं. आत्यांनी मान हलवली आणि टब वर उचलून उजेडात धरला. हातभर लांबीवर जनावर सरकलं. आत्यांनी दात आवळले, पण टब सोडला नाही. प्रत्येक टबाच्या मागच्या अंगाला हवेसाठी भोक पाडून त्यावर जाळी बसवलेली होती. जाळी ग्लूगनच्या, म्हणजे तापवून लावायच्या, डिंकाने चिकटवलेली. सात टबांत तो डिंक वितळून मेणबत्तीच्या आसवांसारखा खाली ओघळला होता आणि जाळ्या गळून भुशात पडल्या होत्या.

राणीच्या टबातला डिंक जसाच्या तसा होता. टणक, चकचकीत, गोल थेंब.

आत्यांनी टब आणखी वर नेऊन त्याचा तळ पाहिला. मग तो अगदी सावकाश खाली ठेवला, आणि नव्या कपाटापाशी पडलेली डिंकाची एक कोरी कांडी उचलली.

"मला तुझं ते तापमान बघायचं यंत्र दे," त्या म्हणाल्या. "आणि स्वयंपाकघरात कुणी येऊ नका."

३

स्वयंपाकघरात त्यांनी दोन पातेल्यांत पाणी तापवलं. एकात पंचेचाळीस अंश झाल्यावर गॅस बारीक केला आणि डिंकाचा तुकडा टाकला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. तुकडा काढला, नखाने दाबला. दगडासारखा. दुसरं पाणी उकळू लागलं तेव्हा त्यात टाकलेला तुकडा पाहता पाहता लिबलिबीत झाला.

म्हणजे चकतीने हे केलंच नव्हतं. पंचेचाळीस अंशांवर जनावरं मेली असती, पण थर्मोस्टॅटने पट्ट्या पंचेचाळीसला बंद केल्या असत्या आणि डिंक जागचा हलला नसता. पट्ट्या बंदच झाल्या नव्हत्या. दिवसभर त्या तापतच राहिल्या. मग चकती कुणी फिरवली, आणि कशासाठी?

अकरा वाजून गेल्यावर भाच्याचा मित्र आला. पाली-सरडे पाळायचा म्हणून त्याला सगळे पालच म्हणायचे, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. तोही संशयातून सुटला नव्हता. राणी त्याला हवी होती आणि भाच्याने दिली नव्हती, असं वहिनींनी आल्या आल्या आत्यांच्या कानात सांगून ठेवलं होतं.

"हवी होती, आत्या," पाल म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण राणी जिवंत आहे. मला हवी होती तीच सोडून बाकीच्यांना मी कशाला मारीन?"

"तेही खरं. मला एक सांग. थर्मोस्टॅटला कळतं कसं, की आत किती गरम आहे?"

"सेन्सर असतो. तारेच्या टोकाला, शेंगदाण्याएवढा. तो तापपट्टीला चिकटवायचा. पट्टी तापली की त्याला कळतं, तो बंद करतो."

"मग मला पट्टीवर तो का दिसला नाही?"

पालने सुस्कारा सोडला. "कारण याने तिथे लावलाच नाही. मी तीनदा सांगितलं याला. तार राणीच्या टबात भोकातून आत सोडलीये. म्हणतो, माझ्या राणीच्या अंगाला किती ऊब लागते ते मला कळलं पाहिजे. बाकीचे सात काय, तिला ठेवलं तसे राहतील."

आत्यांनी हातातला डिंकाचा तुकडा खाली ठेवला.

"म्हणजे सात जणांची ऊब एकीच्या टबावरून ठरायची?"

"हो. आणि तिचा टब तारेसकट बाहेर काढून कुठे थंड जागी ठेवला, तर..." पाल बोलता बोलता थांबला. त्याने मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

४

खालच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. या वासावरून त्याने महिनाभरात चार वेळा भांडण केलं होतं, आणि भाच्याच्या यादीत सुनेखालोखाल त्याचंच नाव होतं.

"माझं छत म्हणजे त्यांची जमीन," शिंपी मशीन न थांबवता म्हणाला. "पावसाळ्यात कापडाला वास लागतो. गिऱ्हाईक कोट नाकाला लावून बघतं आणि परत देतं. मी शिव्या दिल्या, देईन. पण वर जाऊन त्या सापांना हात लावायचा? मला मेलेलं झुरळ बायको उचलून देते."

"काल सहा वाजता कुठे होता?"

"इथंच. तुमची सून दारात उभी होती. माझं घड्याळ दुरुस्त करून आणलं होतं तिने. लावून दाखवलं, सहाला तीन कमी. तेवढ्यात तुमचा भाचा जिना चढून गेला. ती म्हणाली, पट्टा सैल आहे, आणखी एक भोक पाडते. बसली इथं स्टुलावर, भोक पाडत."

"मग वरून बोंब ऐकू आली?"

"लगेच नाही." आता मशीन थांबलं. "आधी पावलं. एकाची, मग दुसऱ्याची. मग कुजबुज. मग बराच वेळ काही नाही. मग खण सरकवल्याचा आवाज. तो आवाज मला पाठ आहे. आणि मग बोंब. तेव्हा मी पट्टा घालून घड्याळ बघत होतो ना, ती समोरच बसलेली. सहा वाजून चौदा मिनिटं."

"दोघांची पावलं? नक्की?"

"बाई, माझ्या डोक्यावर चालतात ते. तुमच्या भाच्याची टाच आपटते. आणि दुसरी पावलं घासत जातात, वय झालेल्या माणसाची."

सून इथं स्टुलावर. वर भाचा, आणि आणखी एकच माणूस.

आत्या जिना चढल्या. मध्यावर कठड्याला धरून थांबल्या. वहिनींच्या हाताखाली त्या घरात लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. वेणी घालायला वहिनींनीच शिकवलं होतं. घशात तो मघाचा वास परत आला, आणि यावेळी रुमालाचा उपयोग नव्हता.

५

अडीच वाजता त्यांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. भाचा, वहिनी, सून, पाल. राणीचा टब त्यांनी भिंतीवरच्या डबीतून तार सोडवून स्वतः उचलून आणला आणि सुनेच्या टेबलावर ठेवला.

"आत्या, घड्याळं," सून म्हणाली.

"क्षणभर. मलाही हौस नाही." आत्या भाच्याकडे वळल्या. "तू म्हणालास, ही चिवट आहे म्हणून वाचली. जनावर चिवट असेल. डिंक चिवट नसतो. सात टबांतला वितळला, हिच्यातला नाही. म्हणजे ते सात भाजत होते तेव्हा हा टब कपाटात नव्हता."

आत्यांनी टब जरासा कलता करून तळ दाखवला.

"तळाला पांढरा भुगा आहे, लाकडाचा. जुन्या कपाटात तसला भुगा कुठेच नाही. नव्याच्या फळ्यांवर आहे. काल सकाळी तू राणीचा टब काढून नव्या कपाटात घालून बघितलास. बसतो का, सरकतो का. तारेसकट. आणि कामाला उशीर होत होता, म्हणून तसाच ठेवून गेलास. नव्या कपाटाला पट्ट्या नाहीत. सेन्सर दिवसभर थंड टबात बसून सांगत राहिला, राणी गारठलीये, आणखी तापवा. आणि पट्ट्या तापत राहिल्या."

"हे सुद्धा तिने केलं असेल," भाचा म्हणाला. "टब तिने काढला असेल."

"मी?" सून म्हणाली. तेवढंच. ती राणीच्या टबापासून खुर्ची जितकी मागे नेता येईल तितकी नेऊन बसली होती, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

"ठीक आहे," आत्या म्हणाल्या. "तिने काढला. मग सहा वाजता तू आलास तेव्हा टब नव्या कपाटातच दिसला असता. बोंब मारताना तू तेच सांगितलं असतंस. तू सांगितलंस चकतीचं. टब परत जागेवर गेला तो सहा आणि सव्वासहाच्या मध्ये. खाली शिंप्याने खण सरकल्याचा आवाज ऐकला, आणि सून तेव्हा त्याच्यासमोर बसली होती. आल्या आल्या नाही ठेवलास तू टब. आधी बटण बंद केलंस आणि पट्ट्या निवेपर्यंत थांबलास. राणीला चटका बसू नये म्हणून. एवढं सुचलं तुला."

भाच्याने राणीच्या टबाकडे पाहिलं, मग आईकडे.

"राहिली चकती," आत्या म्हणाल्या. "पाऊल न टाकणाऱ्या माणसाची पावलं शिंप्याने ऐकली, वहिनी."

वहिनींनी मांडीवरची पदराची घडी उलगडली, परत घातली. "तो रडायला लागला, वन्सं. लहान असताना रडायचा तसा. म्हणाला, मीच मारले, आता सगळे मला हसतील, पाल हसेल. मग मी म्हटलं, चकती फिरव आणि तिचं नाव घे. तो हात पुढे करेना. मग मीच फिरवली."

"आणि मी?" सुनेने विचारलं.

"अगं, चार दिवसांनी आणली असती तुला परत. नवरा-बायकोत असं होतं. बाईमाणसाने थोडं पोटात घ्यायचं असतं."

पाल उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेर तोंड काढून उभा राहिला.

आत्यांना वाटलं, त्या सात टबांत हात घालताना आपण उगीच मान फिरवली. ती बिचारी जनावरं नुसती मेली होती.

६

"तिचा दादा येईल," वहिनी घाईने म्हणाल्या. "त्याला सांगू, वायरिंगमध्ये काहीतरी बिघाड झाला. घरातलं घरात राहील. वन्सं, तुम्हीच सांगा तिला."

आत्यांनी सुनेकडे पाहिलं. "तू सांग. नाव तुझं घेतलंय."

सून उठली. बॅग उचलून तिने ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली, स्वतःपासून लांब.

"आधी ती खोली साफ होईल," ती म्हणाली. "ह्यांच्या हाताने. दुसरं कुणी हात लावणार नाही."

भाच्याने तासभर घेतला. सातही जनावरं पोत्यात घालून तो मागच्या अंगणात खड्डा करायला गेला. जिन्यावर दोनदा ओकला, आणि तेही त्यालाच पुसावं लागलं. राणी पालने मागितली. कुणी नाही म्हणालं नाही. त्याने तार कापून सेन्सर टबातून बाहेर काढला आणि जाताना सुनेला म्हणाला, "वहिनी, मी आधीच ओरडून सांगायला हवं होतं सगळ्यांना." ती म्हणाली, "सांगितलं असतंत तरी कुणी ऐकलं असतं?"

चारला पाच कमी असताना बेल वाजली. वहिनी उठू लागल्या.

"तुम्ही बसा," सून म्हणाली. "दार हे उघडतील."

भाच्याच्या हाताला अजून साबणाचा वास होता. त्याने दार उघडलं. तिचा भाऊ दारातच उभा राहिला. उंच, घामेजलेला, आधीपासून खाली मान घातलेला.

"मी काय बोलू कळत नाहीये," भाऊ म्हणाला. "ती लहानपणी मुंगीलाही..."

"काहीतरी गैरसमज झाला होता," भाचा म्हणाला. "म्हणजे वायर जरा..."

"नीट सांगा," सून आतून म्हणाली. आवाज चढला नव्हता.

मग त्याने सांगितलं. तीनदा अडखळला, तीनदा तिने नुसतं पाहिलं, आणि तो पुन्हा सुरू झाला. टब, तार, चकती, नाव. भावाची मान हळूहळू वर आली. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं, "मला फोन केलात तेव्हा हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं?"

भाच्याने मानेनेच हो म्हटलं.

"चल," भाऊ बहिणीला म्हणाला.

"मी कशाला? माझं टेबल इथं आहे, माझी गिऱ्हाइकं इथं येतात. मी काय केलंय?" तिने बॅग उघडली, आपले कपडे काढून खुर्चीवर ठेवले आणि रिकामी बॅग नवऱ्यापुढे सरकवली. "ह्यांनी जावं. आई राहिल्या तर राहोत, जेवायला वाढीन, बोलणार नाही. आत्या, यांना न्याल? मला सध्या यांच्याकडे बघवत नाही."

आत्यांनाही बघवत नव्हतं. पण तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"नेते बरोबर," त्या म्हणाल्या. "परत कधी यायचं ते तू कळव. तोपर्यंत तो येणार नाही."

जिना उतरताना भावाने भाच्याच्या बॅगेला हात लावला नाही. वहिनी दारात आल्या, "वन्सं" म्हणाल्या. आत्यांनी चपला घातल्या आणि मागे पाहिलं नाही.

बसमध्ये दोघांना एका बाकावर जागा मिळाली. आत्या खिडकीची काच सरकवून तोंडावर वारा घेत होत्या. कपड्यांत वास मुरला होता. घरी गेल्या गेल्या न्हाणीघरात जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तिसऱ्या थांब्यानंतर भाचा त्यांच्याकडे सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आत्या, एक सांगू? चकती मी नव्हती फिरवली. तू ऐकलंस ना? आईने फिरवली. मी तर नकोच म्हणत होतो."

आत्या उठल्या. बसमध्ये दुसरी जागा नव्हती. त्या पुढे जाऊन दांड्याला धरून उभ्या राहिल्या, त्याच्याकडे पाठ करून. गुडघे ठणकत होते आणि अजून सहा थांबे होते.

"आत्या, बस ना," मागून आवाज आला. "जागा आहे."

"असू दे," त्या म्हणाल्या.